भिंतीवरचे दोघे

७ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार कोपरानेच करतोय, दोन्ही हात चुन्याने भरलेत. हे पत्र आधी दाजींना दाखव. मी निघालो तेव्हा ते म्हणाले होते, भिंगरी महिनाभर टिकली तर मी गिऱ्हाइकाची फुकट दाढी करीन. सहावा महिना लागलाय. त्याच मुकादमाच्या हाताखाली आहे, त्याच खोलीत राहतो, आणि खोलीच्या छताला किती भेगा आहेत ते मला पाठ झालंय.

जिने आणि कठडे रंगवून संपले. आता मला नोंदणी कचेरीच्या मोठ्या दालनात घातलंय. इथे लोक जन्म, मरण आणि लग्न लिहून घ्यायला येतात. साहेबांच्या खुर्चीमागे एक भिंत आहे, तीन पुरुष उंच. तिच्या पलीकडे प्रार्थनाघर. हे दालन मुळात कोणाचं, यावरून कचेरीचं आणि प्रार्थनाघराचं तीन पिढ्या वाजलेलं आहे. साहेब म्हणतात, इथे राजाचा दरबार भरायचा, म्हणून दालन राज्याचं. शेजारचे थोरले गुरू म्हणतात, इथे प्रार्थना व्हायची, राज्याने जागा हिसकावली. शेवटी वरून हुकूम आला की भिंत खरवडा. सगळ्यात खालच्या थरात जे निघेल ते दालनाचं मूळ रूप धरायचं, आणि दालन त्याच रूपात परत आणायचं. दोघांनीही खाली सह्या केल्या. दोघांनाही पक्की खात्री आहे.

खरवडणार कोण, तर मी. शाळा चौथीत सोडली, आणि आता राज्य खरं की धर्म, ते माझ्या हातातल्या खरवडायच्या पत्र्याने ठरायचंय.

काळजी एवढीच की मुकादम म्हणाला, "भिंत संपली की तू मोकळा." ताई, अशी भिंत मी पंधरा दिवसांत उघडी करतो. वर्ष भरायला अजून सात महिने आहेत. घड्याळवाल्या काकांना सांग की मी टिकून आहे. त्यांची मधली मुलगी काय म्हणते ते मी विचारत नाही. तू लिहिलंस तर वाचीन.

भिंगरी


१६ फेब्रुवारी

भिंगरी,

तुला आशीर्वाद आणि एक धपाटा, दोन्ही पोचले असं समज. पत्र तुझ्या दाजींना दाखवलं. त्यांनी तारीख दोनदा वाचली आणि पाकिटावरचा शिक्काही पाहिला. फुकट दाढीचं त्यांना आठवत नाही.

तू बेकरी सोडलीस, कारण भट्टी गरम. बर्फाचा कारखाना सोडलास, कारण गार. बसवर कंडक्टर झालास तर म्हणालास, रोज तेच रस्ते. छापखाना, लाकडाची वखार आणि ते बदकांचं काय होतं, त्याबद्दल मी बोलतच नाही. सहा नोकऱ्या झाल्या. म्हणून परत सांगते. घड्याळवाले काका एका शब्दाचे आहेत. एका जागी सलग एक वर्ष, नाहीतर मुलगी नाही. एक दिवस कमी पडला तरी त्यांना चालायचं नाही, घड्याळवालेच ते.

तेव्हा सावकाश खरवड. मी जुना कोट उसवते तसं कर. एक टाका, मग चहा, मग दुसरा टाका. गिऱ्हाइकाला वाटतं, केवढी काळजी घेते.

मधली दुकानात बसते, रोज चाळीस घड्याळांना किल्ली देते. तुझं कुठवर आलं म्हणून विचारत होती. मी सांगितलं, आहे तिथेच आहे. ती नुसतं "अस्सं" म्हणाली.

तुझी ताई


५ मार्च

ताई,

"अस्सं" कसं म्हणाली ते लिहायचं राहिलं. खूश होऊन म्हणाली की कसं?

तुझ्या कोटाचा सल्ला मानला. दिवसाला वीतभर खरवडतो. लोकांना वाटतं, काय हात आहे. साहेब परांचीखाली येऊन विचारतात, "पेंटर, काही दिसलं का आमचं?" थोडा वेळ गेला की गुरू येतात. "बाळ, काही दिसलं का?" साहेबांनी मला पंखा दिला. गुरूंनी बसायला उशी पाठवली. मग साहेबांनी त्याहून जाड उशी पाठवली. ताई, जन्मात एवढी बडदास्त कोणी ठेवली नव्हती, तीसुद्धा भिंत कोरण्यासाठी.

आता काय निघालं ते सांगतो. वर मलईरंगी डिस्टेंपर. त्याखाली ठळक अक्षरात 'भिंतीस टेकू नये'. त्याखाली दोन सिंहांचं राजचिन्ह, तेव्हा साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला. सिंहांखाली प्रार्थनेच्या ओळी, तेव्हा गुरूंनी पाजला. आणि त्याखाली एक मोठं चित्र निघालं. दोन माणसं आहेत. एक उंच आसनावर बसलाय, दुसरा हात जोडून उभा. बसलेल्याच्या डोक्यावर मुकुट, उभ्याच्या डोक्यावर उंच धर्मटोपी. साहेबांनी खुर्ची वळवली आणि अर्धा दिवस भिंतीकडे बघत बसले. लग्न नोंदवायला आलेलं एक जोडपं त्यांच्या पाठीशी बोलून परत गेलं.

मग मला मुकुटाची कड फुगलेली दिसली. पत्रा सरकवला, मुकुटाची खपली पडली. खाली टोपी. उभ्याच्या टोपीखाली मुकुट. म्हणजे आता गुरू बसलेत आणि राजा हात जोडून उभा आहे. दुसऱ्या खपलीखाली परत उलट. ताई, मी रंगारी आहे, मला पहिल्या दिवशी कळायला हवं होतं. धडं एकदाच रंगवलीत, डोक्यांवर मात्र थरावर थर आहेत. अंगरखा तोच, दाढी तीच, पायातले जोडेही तेच. ज्याची चलती होती त्याने नुसत्या टोप्या बदलून घेतल्या. अख्खं चित्र परत कोण काढत बसणार? मीही तेच केलं असतं.

जुनी चित्रं पारखणाऱ्या एक बाई आल्यात, भिंग लावून बघतात. मी विचारलं, सारखं असं का करायचे? त्या म्हणाल्या, "राजा लढाई हरला की गुरू बसायचे. दुष्काळात प्रार्थना फळली नाही की राजा बसायचा."

"आणि उभा राहिलेला कुठे जायचा?"

"कुठेच नाही. एकाकडे फौज, दुसऱ्याकडे स्वर्गाची किल्ली. दोघांना एकमेकांशिवाय करमायचं नाही."

भिंगरी


१४ मार्च

भिंगरी,

पत्र सगळ्या दुकानात वाचून झालं. मला यात नवल वाटलं नाही. कोटाची कॉलर झिजली की मी उलटवून शिवते, माणूस नवा कोट घातल्यासारखा चालतो. तुझे दाजी म्हणाले, "माझ्या खुर्चीत बसायचं तर मुकुट आणि टोपी दोन्ही आधी खुंटीला टांगावी लागतात. मग दोघांचीही मान सारखीच खाली करतो." हे त्यांनी त्या दिवशी प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलं. एकाला दोनदा.

पण मला तुझा स्वभाव माहीत आहे. एकच काम महिनाभर झालं की तुझे हात शिवशिवतात. काम संथ चाललंय म्हणून नसता उद्योग करू नकोस. 'नसता उद्योग' खाली दोन रेघा मारल्यात, बघ.

"अस्सं" तिने घड्याळाला किल्ली देता देता म्हटलं. खूश होती की कशी, ते घड्याळाला विचार.

तुझी ताई


२ एप्रिल

ताई,

तुझ्या दोन रेघा पोचल्या, पण एक दिवस उशिरा.

चौथी खपली काढायची होती. रोजचा नियम असा की आधी साहेबांचा कारकून आणि गुरूंचा एक शिष्य येऊन उभे राहणार, मग मी खपली काढणार, मग दोघं लिहून घेणार. त्या दिवशी दोघांना यायला उशीर झाला. मी वर बसून होतो. किती वेळ बसणार? म्हटलं, नुसती धूळ पुसू. फडकं ओलं होतं. एकदा फिरवलं आणि चौथी खपली सुटली, तिच्याखालची दोन्ही डोकीही बोडकी झाली. टोपी गेली, मुकुट गेला, सगळं फडक्याला.

खाली कारकुनाच्या चपला वाजल्या. तो आधी चहाला थांबतो, तेवढाच वेळ होता. डब्यात मलईरंगी डिस्टेंपर होतं. ते जुनं दिसावं म्हणून त्यात माझ्या पेल्यातला चहा ओतला आणि दोन डोक्यांवर दोन वस्तू काढल्या. हात चांगला चालला, ते खोटं नाही. पण बसलेल्याच्या डोक्यावर आधी काय होतं, तेच आठवेना. टोपी सोपी असते. मुकुटाला टोकं काढावी लागतात, आणि नजर आधी बसलेल्यावर जाते, म्हणून तो उभ्याला दिला.

ताई, गुरूंच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "हा थर सगळ्यांत सुंदर आहे." साहेबांनी तिथल्या तिथे वर तक्रार पाठवली की या थराचा अर्थ वेगळा लावावा. आता दोन्हीकडून वकील येतायत. पाचशे पानांचं भांडण माझ्या चहावर उभं आहे. हे मी फक्त तुला लिहितोय.

भिंगरी


११ एप्रिल

भिंगरी,

हे पत्र मी दुकानात वाचलं नाही. दाजींनाही सांगितलं नाही. ते दोनदा म्हणाले, भिंगरीचं पत्र आलं नाही का, आणि मी शिवणयंत्र जोरात चालवलं.

ऐक. उसवताना कापड फाटलं तर मी गिऱ्हाइकाला आधी सांगते, मग शिव्या खाते, मग रफू करते. लपवून रफू केलं तर पहिल्या धुण्यात उघडं पडतं. जा आणि सांगून टाक. नोकरी गेली तर गेली. वर्षाचं मी बघते. कसं ते विचारू नकोस.

लगेच उत्तर पाठव.

तुझी ताई


६ जून

ताई,

लगेच उत्तर पाठवलं नाही. तुझ्यापुढे लिहिण्यासारखं काही केलंच नव्हतं. रोज ठरवायचो, आज सांगतो. रोज कोणीतरी उशी पाठवायचं.

शेवटी मुंग्यांनी सांगितलं. चहात साखर होती ना. मे महिन्यात जमिनीपासून सरळ रांग निघाली, राजाच्या जोड्यांना वळसा घालून गुरूंच्या टोपीपर्यंत. पारखी बाई बराच वेळ भिंग लावून बघत होत्या. मग मला हळूच म्हणाल्या, "चारशे वर्षांपूर्वीच्या रंगात साखर घालायचे, हे मला ठाऊक नव्हतं."

मी सगळं ओकलो. त्या म्हणाल्या, मी बोलणार नाही, तुझं तू सांग. मी दोघांनाही दालनात बोलावलं आणि एका दमात सांगितलं. साहेब म्हणाले, "हे तीन प्रतींत लिहून दे." गुरू म्हणाले, "बाळ, ते तुझ्या हातून वरच्यानेच करवलं असेल. टोपी काही उगीच सुचत नाही." दोघांनीही मला काढलं नाही. नवा माणूस शोधायचा तर तो कोणाचा, यावर परत तीन पिढ्या गेल्या असत्या.

मग उरलेल्या खपल्या सगळ्यांसमोर निघाल्या. सगळ्यात जुन्या दोन डोक्यांवर काहीच नव्हतं, दोघंही बोडके. बाई म्हणाल्या, चित्र संपलं, पण हे चित्रही नंतरचंच आहे. याखाली मूळ गिलावा असणार. पायथ्याशी बघ. मी जमिनीलगतचा गिलावा फोडला. एक लोखंडी कडी निघाली. हातभर अंतरावर दुसरी. अशा अकरा कड्या. त्यांच्या खाली दगडी गव्हाण, कडा जनावरांच्या मानांनी घासून गुळगुळीत झालेल्या.

ताई, तो गोठा होता.

मग कारकुनाने हुकूम मोठ्याने वाचला, कारण त्याला अक्कल कमी आहे. "सगळ्यात खालच्या थरात जे निघेल, त्या रूपात दालन परत आणावे." खाली दोघांच्या सह्या. साहेबांनी गुरूंकडे पाहिलं, गुरूंनी साहेबांकडे. इथली माणसं सांगतात, तीन पिढ्यांत पहिल्यांदा ते दोघं एका बाकावर बसले. अर्ध्या तासात एकमत झालं. गव्हाण बुजवा, भिंतीला चुना मारा, वर कळवा की खाली काही आढळलं नाही.

म्हणजे चुना मारून झाला की शनिवारी माझं काम संपलं. वर्षाला पावणेतीन महिने कमी. सात महिने मी सावकाश केलं असतं गं, पण दोघांचं एकदा जमलं की कामं किती भराभर होतात ते मला माहीत नव्हतं. काकांना तूच सांग. मला तोंड नाही.

भिंगरी


१४ जून

भिंगरी,

आता मीही एक खपली काढते. काकांनी वर्षाची अट कधी घातलीच नाही. ती माझी होती. त्यांचा एक शब्द म्हणून सांगितला, कारण माझा शब्द तू बदकांच्या वेळी ऐकला नव्हतास. काका तर म्हणाले होते, मुलीला विचारा, मला घड्याळं पुष्कळ आहेत. मुलीला मी अजून काही विचारलेलं नाही. तू टिकलास तरच तोंड उघडायचं ठरवलं होतं.

दाजी दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीयेत. तेही मधे काकांना सांगून आले होते म्हणे, सहा महिने झाले, फक्त सहा राहिले. काकांना कळेना कशाचे.

शनिवारी काम संपलं तर ये. उद्या मी तिच्याकडे जाऊन सगळं सांगते, तुझी पत्रं दाखवते. चहाचंही दाखवते.

तुझी ताई


१८ जून

ताई,

तुझं उत्तर अजून आलं नाही, पण थांबवत नाही. मी कायम झालो.

शनिवारी भिंत पांढरी केली आणि ब्रश धुवायला घेतला. साहेब भिंतीकडे बघत म्हणाले, "रिकामी वाटते." गुरू म्हणाले, "रिकामी भिंत कोणीही आपली म्हणेल." हे दोघांनाही एकदम पटलं. म्हणजे चित्र हवं. कोणतं, तर तेच दोघे. बसणार कोण? झालं, बाकावरून दोघंही उठले.

मी ब्रश धूत धूत म्हणालो, "साहेब, आधीच्यांनी टोप्याच बदलल्या की. फक्त दरवेळी त्यांना वाटायचं, हीच शेवटची."

तीन दिवस बैठक चालली. ठरलं ते असं. सहा महिने बसलेल्याच्या डोक्यावर मुकुट, सहा महिने टोपी. जानेवारीच्या आणि जुलैच्या पहिल्या तारखेला बदल. दरवेळी मुकादमाला काम द्यायचं तर निविदा काढावी लागते, आणि ती मंजूर व्हायला आठ महिने. टोपी कधीच बदलली नसती. म्हणून एक कायम जागा मंजूर झाली, पगार दोघं मिळून देणार. पदाचं नाव 'शिरोभूषण सहायक'. मला ते दोनदा म्हणून बघावं लागलं. काल सही केली.

एकच गोष्ट मनाला लागली. हुकमात लिहिलंय की त्या दोन तारखा सोडून मी दालनात किंवा प्रार्थनाघरात पाऊल ठेवायचं नाही. रोज कचेरीत बसलो तर गुरूंना वाटेल राज्याचा माणूस. प्रार्थनाघरात बसलो तर साहेबांना वाटेल तिकडचा. आणि ब्रश घेऊन भिंतीजवळ दिसलो तर दोघांनाही झोप लागणार नाही. एवढी कायम नोकरी, आणि विश्वास म्हणून नाही. पण काकांना सांग, वर्ष काय, जन्म भरला.

भिंगरी


२२ जून

ताई,

तुझं १४ तारखेचं पत्र आज मिळालं.

अट तुझी होती. ठीक आहे. मी चहा ओतला, तू काका ओतलेस. आपण एकाच आईची.

पण सही झालीय. आता काय करू ते सांग. तिला सगळं दाखवलंस का? ती काय म्हणाली? "अस्सं" असेल तर कसं ते नीट लिही.

भिंगरी


३० जून

भिंगरी,

उद्या उद्या म्हणत धीर व्हायला दहा-बारा दिवस गेले, मग मधलीला सगळी पत्रं दिली. काउंटरवर बसून तिने एकामागोमाग एक वाचली. मुंग्यांच्या पत्राला एवढी हसली की काका आतून विचारायला आले. मग म्हणाली, "ताई, तुम्ही फेब्रुवारीत सांगितलंत की ते आहेत तिथेच आहेत, तेव्हाच मी विषय सोडून दिला होता."

मी म्हटलं, का गं?

"माझा सगळा जन्म या चाळीस घड्याळांत गेला. बसस्टँडच्या पलीकडे मी काही पाहिलेलं नाही. सहा गावं फिरलेला माणूस म्हणून मी तुमच्याकडे चौकशी करत होते. एका जागी बसणारे इथे पुष्कळ आहेत, सगळे भिंतीवर टांगलेले."

मी तुझं वर्ष भरवत होते आणि तिच्या डोळ्यांसमोरून तुला उतरवत होते. वर तुझं १८ तारखेचं पत्र नेमकं त्याच दुपारी हातात पडलं होतं, कायम झालो म्हणून. तेही पुढे ठेवलं. आता लपवायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. 'कायम' वाचताना तिचा चेहरा पडला, खोटं कशाला सांगू. मग ती शेवटच्या परिच्छेदावर आली. तो तिने दोनदा वाचला. समोरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

म्हणाली, त्यांना एवढंच विचारा. वर्षातले दोन दिवस टोप्या बदलण्यात गेले आणि बाकीचे दिवस त्या दोन्ही जागी तोंड दाखवायची बंदी असेल, तर उरलेले तीनशे त्रेसष्ट दिवस ते जाणार कुठे, आणि दुसऱ्या माणसाला सोबत यायची मुभा आहे का?

याचं उत्तर मला पाठवू नकोस. तिला पाठव. पत्ता घड्याळाच्या दुकानाचाच.

तुझी ताई